राखून ठेवलेला विषय

"मी उभा आहे!"

हे वाक्य अण्णा अशा सुरात म्हणायचे, की समोरच्याला वाटावं, आपल्याला दिसत नाही की काय. उजवा हात पुढे यायचा, पंजा उपडा व्हायचा आणि हवेतल्या हवेत काहीतरी खाली दाबत जायचा. सभागृहात पीठासीन अधिकारी उभे राहिले की बाकी सगळ्यांनी बसायचं असतं, असा नियम आहे. ते मुंबईला विधिमंडळाच्या सचिवालयात नोकरीला होते. सगळी हयात दुसऱ्यांचं उठणं-बसणं बघण्यात गेली. निवृत्त होऊन राहुरीला आले, आमच्या कॉलनीचे चेअरमन झाले, आणि उभं राहण्याची पाळी एकदाची त्यांच्यावर आली.

अंगवळणी पडलेला नियम माणसाला कुठेही गाठतो. एकदा आम्ही दोघं एस.टी.नं नगरला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. विद्यापीठाच्या थांब्यावर भांडण लागलं, तसे अण्णा उठले आणि पंजा दाबत म्हणाले, "मी उभा आहे!"

कंडक्टर म्हणाला, "व्हय, दिसतंय की. बाकीचे बी उभेच हायत. तुमी लई येगळं काय करताय?"

तेवढ्यात त्यांची जागा गेली. नगरपर्यंत ते खरोखरच उभे होते.

परवा त्यांच्या बंगल्याला नव्या मालकानं पोपटी रंग दिला. अण्णा आता अकोल्याकडे पुतण्याच्या गावी असतात, फोन घेत नाहीत. कॉलनीचं कामकाज मोबाईलवरच्या ग्रुपवर चालतं. कुणी काही सुचवलं की खाली अंगठे उमटतात. वर गेलेले मोजायचे, ठराव झाला. सोपं झालंय सगळं. पण तो पोपटी रंग बघितला आणि घरी येऊन नीट जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "रंगाचा राग वांग्यावर काढू नका." म्हणून हे लिहायला बसलो.

आमची कॉलनी म्हणजे ऊस काढून पाडलेले प्लॉट. मधोमध पाण्याची टाकी, तिच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, हे आमचं सभागृह. मी सचिव. माझं ठिबकचं आणि पाईपांचं दुकान आहे; लिहिण्यावाचण्याशी संबंध बिलापुरता. तरी सचिव झालो, कारण निवड चालू असताना मी घरात बडीशेप आणायला गेलो होतो. परत आलो तर माझ्या नावाला "होय"चं बहुमत मिळालेलं होतं.

अण्णांच्या पहिल्याच सभेत एकानं मोकाट कुत्र्यांचा विषय काढला. अण्णांनी तो लक्षवेधी सूचना म्हणून दाखल करून घेतला. कुत्र्यांच्या विरोधात सगळेच बोलले. अण्णा अस्वस्थ झाले. "विरोधी बाजू कुठे आहे? विरोधी पक्ष नसेल तर त्याला सभागृह म्हणत नाहीत, भिशी म्हणतात!"

कुणीच उठेना. तेव्हा कोपऱ्यातून सर उभे राहिले. सर म्हणजे अण्णांचे शेजारी, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. निम्म्या तालुक्याला त्यांनी विज्ञान शिकवलेलं. ते म्हणाले, "सभापती महोदय, या कॉलनीत चोरी झाली नाही, याचं श्रेय गृहखात्याला नाही, कुत्र्यांना आहे."

अण्णांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! त्या दिवसापासून सर आमचे विरोधी पक्षनेते. गेट बसवायचं ठरलं, सरांचा विरोध. गेट नको असं ठरलं, तरी विरोध. दोघं तासभर एकमेकांना "सन्माननीय" म्हणून झोडपायचे, आम्ही शेंगा खात बघायचो. सभा संपली की सर सगळ्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सरांच्या ओट्यावर चहाला हजर.

हा चहा महत्त्वाचा होता, कारण अण्णांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. बायको मुंबईतच गेली होती, मूलबाळ नाही. "आमच्या घरात एकच सदस्य, त्यामुळे सगळे ठराव एकमतानं," असं ते हसत सांगायचे. पण सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाच्या फाटकातून सरांकडे जाताना बघितलं की कळायचं, माणूस दिवसभरातलं बोलणं तिथेच करून घेतो. सरांच्या पत्नी, त्यांना आम्ही बाई म्हणतो, चहात गवती चहा टाकायच्या. अण्णा म्हणायचे, "विरोधी बाकांवरचा चहा आमच्याहून चांगला असतो, हे मान्य करतो."

नियमांचं हे खूळ माझ्याही घरात शिरलं. मी जुनी गाडी घ्यायची म्हणालो, तर बायकोनं स्थगन प्रस्ताव आणला. सासूबाईंनी पाठिंबा दिला. अण्णांना निवाडा मागितला, तर ते बायकोला म्हणाले, "ताई, प्रस्ताव नियमात बसतो." गाडी आजतागायत आलेली नाही.

हे सगळं असं गमतीत चाललं होतं. मग तो मे महिना आला.

त्या वर्षी बोअरचं पाणी खोल गेलं. संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी निम्मी झालेली असायची. पाणी जातंय कुठे ते कळेना. अण्णांनी स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करायला सुरुवात केली, आणि ती अर्धी बादली ते सगळ्यांना सांगत फिरत. उन्हानं आणि काळजीनं त्यांचा स्वभाव कातावला होता. तशात सभा बोलावली.

टेम्पोवाले शेजारी उठून म्हणाले, "कुनीतरी लायनीला मोटार लावून पानी वडतंय. ज्याच्या दारात हिरवं, त्यानं सांगावं."

कॉलनीत हिरवं होतं एकाच दारात. सरांच्या. बाईंचं अळू हत्तीच्या कानाएवढं झालं होतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

सरांनी ते हसण्यावारी नेलं. रोजच्यासारखे विरोधी पक्षनेते होऊन उभे राहिले. "सभापती महोदय, आधी पीठासीन अधिकाऱ्यांच्या न्हाणीघराची चौकशी समिती नेमावी! अर्धी बादली, अर्धी बादली म्हणतात. बादली केवढी, ते सभागृहाला समजलं पाहिजे."

लोक हसले. आणि अण्णांचं काय झालं कोण जाणे, ते ताडकन उभे राहिले. "मी उभा आहे! पाणीचोरांनी मला नियम शिकवू नयेत!"

हसणं थांबलं. वर टाकीचा थेंब पत्र्यावर पडला, तो ऐकू आला.

अण्णांना लगेच कळलं. कान लाल झाले. त्यांनी पंजा वर केला आणि सचिवालयातल्या त्या सवयीच्या, गुळगुळीत आवाजात म्हणाले, "पाणीचोर हा शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे." मग माझ्याकडे वळून, "सचिव, काढला?"

मी अजून आधीच्या विषयावरच अडखळत होतो. तो शब्द लिहिलाच नव्हता. म्हणालो, "काढला."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचा विषय पुकारला. सर थोडा वेळ बसले. मग उठले, आपली एकच खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि घरी गेले.

आता अण्णांची खरी चूक सांगतो. शब्द गेला तो रागात, तो कुणाचाही जातो. चूक पुढची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीसारखे चहाला गेले. त्यांच्या लेखी तो शब्द उच्चारलाच गेला नव्हता. उभ्या हयातीत त्यांनी असंच पाहिलं होतं. सभागृहात एकमेकांना काय वाटेल ते म्हणायचे, वरून आदेश यायचा, शब्द काढला जायचा आणि संध्याकाळी तेच दोघे उपाहारगृहात एका बशीतली भजी खायचे. काढून टाकलेला शब्द कुठेच उरत नाही, यावर या माणसाचा देवासारखा विश्वास होता.

ओट्यावर काय झालं ते मला बाईंनी सांगितलं.

सरांनी विचारलं, "काय काम होतं?"

अण्णा म्हणाले, "काम कसलं? चहा."

"आणि कालचा शब्द?"

"तो काढून टाकला ना, सर. तुमच्यासमोर काढला."

"तुम्ही कागदावरून काढलात. आज सकाळी भाजीवाली हिला विचारून गेली, 'बाई, तुमीच पानी वडता व्हय?' तिच्या तोंडून कोण काढणार?"

मग सरच पुढे म्हणाले, "माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, सभापती. लांब उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. आम्ही पाणी मागून प्यालो. चोरून नाही."

बाईंनी चहा आणला होता. अण्णांनी कप हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि फाटकातून परत गेले.

पुढे आठवड्याभरात प्लंबर आला. नवा व्हॉल्व्ह बसवायला रस्त्याकडेला खणत होता. खणता खणता हाक मारली, "सायेब, ह्यो बगा तुमचा चोर!" जमिनीतल्या पाईपाला हातभर चीर गेली होती आणि पाणी आतल्या आत नाल्याला लागलं होतं. पाईप माझ्या दुकानातला होता. त्यावर कॉलनीत जे बोललं गेलं, ते असंसदीय असल्यामुळे इथे देत नाही. आणि बाईंचं अळू? ते मोरीच्या सांडपाण्यावर वाढलं होतं. सरांनीच न्हाणीपासून वाफ्यापर्यंत चर काढून दिला होता, कधीचा.

अण्णा खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभे होते. मी म्हणालो, "अण्णा, आता जा आणि फाटकातून एवढंच सांगा, की चुकलं. संपेल विषय."

"असं नाही चालत," ते म्हणाले. "शब्द जिथे उच्चारला तिथेच मागे घ्यायचा असतो. सभागृहात, त्या सदस्यांच्या समक्ष. सभागृहाबाहेरच्या निवेदनाला अर्थ नसतो."

"अहो, पण शेजारी आहेत ते! सदस्य कसले?"

तर म्हणाले, "चिखल सगळ्यांसमोर उडवला, आणि पुसायचा मागच्या बोळात? हा त्यांचा दुसरा अपमान होईल."

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? मला तर ते पटलंही. पंचाईत अशी, की मी सरांकडे गेलो तर त्यांचंही पटायचं. सर म्हणत, "मी सभेला येणार नाही. त्यांना शब्द मागे घ्यायचाय ना? मग सकाळी चहाला यावं. चहा पिऊन जावं. मला बाकी काही ऐकायचं नाही." आतून बाई सांगायच्या, "हात अजून तिघांचंच आधण ठेवतो हो. रोज एक कप ओतून देते."

महिनोन् महिने मी कुंपणाच्या या बाजूचं त्या बाजूला सांगत राहिलो. बायको म्हणायची, "दोन म्हातारे आणि मध्ये आमचा पोस्टमन. टपाल पोचत नाही ते नाहीच."

अण्णांनी सभा बोलावली. चोरी झालीच नव्हती, पाईप फुटला होता, हे भर सभेत जाहीर केलं. लोक म्हणाले, "मग घ्या की शब्द मागे. आमी सांगतो सरांना." अण्णा रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत. विषय राखून ठेवण्यात येत आहे." पुढच्या सभेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सभेलाही. लोक कंटाळले. कुणाचा कांदा काढणीला आलेला, कुणाच्या घरी लग्न. अण्णा मात्र दर वेळी विषयपत्रिकेत तो एक विषय स्वतःच्या हातानं लिहायचे. "मागील विषय पुढे चालू." बस्स, एवढंच.

दिवाळीनंतर माझ्या हातून आयुष्यातलं एक चांगलं काम झालं. मी सरांना राजी केलं. कसं केलं ते मलाही नीट माहीत नाही. मी बोलायला लागलो की लोक कंटाळून हो म्हणतात, तसंच असावं. सर म्हणाले, "येतो एकदा. त्या माणसाची तेवढी तरी हौस होऊ दे."

अण्णांना सांगितलं, तर चष्मा तीनदा पुसून झाला तरी ते पुसतच होते. सभेच्या दिवशी त्यांनी कोट घातला. सर स्वेटर घालून, काठी टेकत आले. उन्हाळ्यापासून जरा खंगलेच होते. आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. लोक अजून निम्मेसुद्धा आले नव्हते.

मी अण्णांच्या कानाशी लागलो. "तो विषय आधी घ्या."

"विषयपत्रिकेनुसार चालू द्या," अण्णा म्हणाले.

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं. मग हिशेब. मग टाकीचा रंग. निळा की पांढरा, यावर दोन गट पडले. मग पार्किंग. टेम्पोवाल्यांचा टेम्पो कुठे लावायचा, यात अर्धा तास गेला. गार वारा सुटला होता. मी अण्णांना खुणावत होतो, ते मला पंजा दाबून दाखवत होते. लोक एकेक करून येत होते, अण्णा फाटकाकडे बघत आलेल्यांचा अंदाज घेत होते.

कुत्र्यांच्या नसबंदीचा विषय निघाला आणि सर उठले. मला वाटलं, बोलतात. कुत्र्यांच्या बाजूनं काहीतरी झकास बोलतील, लोक हसतील, आणि सगळं पूर्वीसारखं होईल. पण त्यांनी काठी घेतली.

अण्णा घाईघाईनं म्हणाले, "सर, आपला विषय शेवटचा आहे. कृपया खाली बसा."

सर म्हणाले, "असू द्या. तुमचं चालू द्या."

आणि हळूहळू चालत घरी गेले. खुर्ची तशीच राहिली. ती नंतर अण्णांनी उचलली.

सभा संपल्यावर मी चिडून विचारलं, "अहो, माणूस समोर बसला होता तासभर! शेवटी कशाला ठेवायचा तो विषय?"

अण्णा टाकीच्या खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "आपले लोक उशिरा येतात. सगळे येऊ देत म्हटलं. त्या दिवशी जेवढे होते, तेवढे तरी ऐकणारे पाहिजेत ना."

मी खिशातल्या शेंगा त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी घेतल्या नाहीत.

नाताळाच्या आधी सर गेले. दुपारी वामकुक्षीला पडले ते उठले नाहीत. बाईंनी आधी हाक मारली ती कुंपणावरून अण्णांनाच. अण्णा अनवाणी धावले. मी पोचलो तेव्हा ते सरांच्या पायथ्याशी उभे होते, आणि चुलीवर कुणीतरी ठेवलेल्या चहाचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली प्रार्थना झाली आणि आम्ही दफनभूमीत गेलो. अख्खी कॉलनी आली होती. टेम्पोवाले आले होते, प्लंबर आला होता. सरांचे विद्यार्थी तर नेवाशापासून आलेले. सभेला कधीही न आलेली माणसंही होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली आणि माती देण्यासाठी रांग लागली. माझ्या पुढे अण्णा होते.

ते कडेला गेले, वाकले, मूठ भरून घेतली आणि टाकायच्या ऐवजी सरळ उभे राहिले.

"सर," ते म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. बसलेला, घोगरा होता. तरी सगळ्यांना ऐकू गेला. "मे महिन्यातल्या सभेत मी आपल्याविषयी एक शब्द उच्चारला होता. खोटा होता. तो मी मागे घेतो."

आणि ते थांबले.

बाकीच्यांना वाटलं, हुंदका आवरत असतील. मला मात्र ते थांबणं ओळखीचं होतं. सभागृहात कुणी शब्द मागे घेतला की समोरून काहीतरी येतं. कुणी बाक वाजवतं, कुणी मान डोलावतं, कुणी नुसतं "ठीक आहे" म्हणतं. त्याशिवाय पुढे जाता येत नाही. अण्णा खाली बघत होते आणि समोरून काही येण्याची वाट बघत होते. बाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मागे रांग दाटत चालली.

शेवटी फावडं घेऊन उभा असलेला माणूस पुढे झाला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, टाका आता माती. लोकं थांबल्यात."

अण्णांनी मूठ उघडली. इतका वेळ आवळून धरल्यानं मातीचं ढेकूळ झालं होतं. ते खाली पेटीवर पडलं. त्याचा आवाज झाला, आणि अण्णा बाजूला झाले.